कुमरी : राखेची शेती आणि ‘पडीत’ जमीन

लाखनी परिसरातील धानाची बांधी पिढ्यान्‌पिढ्या एकाच जागी असते. शेणखत, तलावातील गाळ असा सगळा कस आपण बांधीपर्यंत वाहून आणतो. फिरत्या शेतीत याच्या उलट घडते. कस जिथे साठला आहे तिथे शेतच जाते. सह्याद्रीच्या पावसाळी जंगलांत या पद्धतीला ‘कुमरी’ म्हणत. ईशान्य भारतात तिला ‘झूम’ म्हणतात.

वर्षावनाची हिरवी दाटी पाहून तेथील माती अतिशय सुपीक असावी, असे वाटते. वस्तुतः अतिवृष्टीने मातीतील क्षार धुऊन जातात आणि पालापाचोळा कुजताच मुळे त्यातील द्रव्ये शोषून घेतात. म्हणून कस मातीपेक्षा झाडांतच अधिक असतो. तोडलेली झाडी उन्हाळ्यात जाळली, की पालाश, चुना व स्फुरद राखेवाटे जमिनीत उतरतात आणि मातीची आम्लता घटते. नत्र मात्र बव्हंशी धुराबरोबर जातो. कुमरीत या राखेवर नाचणी, वरी पेरत. दोन-तीन वर्षांत राखेचा कस संपतो, तण माजते आणि शेतकरी दुसरीकडे सरकतो.

“मग एवढी जमीन पडीत का ठेवायची?” असे एका संपर्कसत्रात मला विचारले गेले. ‘पडीत’ हा शब्दच येथे दिशाभूल करतो. त्या जागी बुंध्यांना धुमारे फुटतात, पक्षी व वटवाघळे बिया आणतात, वाढत्या सावलीत तण मरते, खोल मुळे खालचे क्षार वर आणतात. ही विश्रांती शेतीचाच भाग आहे. मेघालयातील झूमचा अभ्यास करणारे पी. एस. रामकृष्णन यांनी हे चक्र किमान दहा वर्षांचे असावे, असे दाखवले. ते चार-पाच वर्षांवर आले, की झाडांऐवजी गवत उगवते आणि उतारावरची माती वाहून जाते.

चक्र आखडण्यास लोकसंख्येइतकेच कायदेही कारणीभूत आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाचे कलम १० फिरत्या शेतीला हक्क मानत नाही. शासनाला नियंत्रित वा बंद करता येईल अशी ती केवळ सवलत ठरते. जंगल राखीव झाले, फिरायला जागा उरली नाही. मग आखडलेल्या चक्राने झालेली हानी मूळ पद्धतीच्याच माथी मारली गेली. २००६ च्या वनहक्क कायद्याने कसणाऱ्याला प्रत्यक्ष ताब्यातील जमिनीवर, कमाल चार हेक्टरपर्यंत, हक्क दिला. पण बारा वर्षांच्या चक्रात ताब्यातील जमीन कोणती : यंदा पिकाखाली असलेला तुकडा, की विश्रांती घेणारे बाकीचेही? मोजणीला गेलेल्या माणसाला तिथे झुडुपेच दिसतात.