एचआरचा बायोडेटा : जबाबदारी नको, कामगिरी सांगा

इतरांचे बायोडेटा तपासण्यात ज्यांचा दिवस जातो, त्या मनुष्यबळ अधिकाऱ्यांचा स्वतःचा बायोडेटा मात्र अनेकदा मोघम असतो. 'भरती प्रक्रिया सांभाळली', 'प्रशिक्षण कार्यक्रम आयोजित केले' अशा वाक्यांतून जबाबदारी कळते; कामगिरी कळत नाही. माणसांशी निगडित काम आकड्यांत कसे मांडणार, हा युक्तिवादही आता टिकणारा नाही. 'सेबी'ने २०२२-२३ या आर्थिक वर्षापासून बाजारमूल्यानुसार पहिल्या एक हजार नोंदणीकृत कंपन्यांना शाश्वतता अहवाल सक्तीचा केला. त्यात कायम कर्मचाऱ्यांच्या गळतीचे प्रमाण द्यावे लागते. कंपनी जो आकडा जाहीर करते, तो सुधारण्यातील आपला वाटा उमेदवाराला सांगता यायला हवा.

काय मोजावे?

भरतीच्या कामात पद भरण्यास लागलेले दिवस, प्रत्येक नेमणुकीमागील खर्च आणि नियुक्तिपत्र दिलेल्यांपैकी प्रत्यक्ष रुजू झालेल्यांचे प्रमाण महत्त्वाचे. प्रशिक्षणात उपस्थितांच्या संख्येपेक्षा त्यानंतर कामातील चुका किती घटल्या, हे सांगावे. कामगार संबंधांत गैरहजेरी आणि तक्रार निवारणास लागणारा काळ मोजता येतो.

गळतीचे गणित

वर्षभरात नोकरी सोडलेल्यांच्या संख्येला सरासरी कर्मचारीसंख्येने भागून शंभराने गुणले की गळतीचे प्रमाण मिळते. समजा, चाकणमधील एखाद्या कारखान्यात सरासरी ४०० कामगार आहेत. एका वर्षी ८८ जण सोडून गेले, तर गळती २२ टक्के. पुढील वर्षी ६० जण गेले, तर १५ टक्के. येथे 'गळती ७ टक्क्यांनी घटवली' असे लिहिणे संदिग्ध ठरते, कारण मूळ प्रमाणाच्या तुलनेत ही घट सुमारे ३२ टक्के आहे. त्याऐवजी '४०० कामगारांच्या कारखान्यात बससेवा व नवागतांचा तीन महिने पाठपुरावा सुरू केला. वार्षिक गळती एका वर्षात २२ वरून १५ टक्क्यांवर आली' असे लिहावे. कामाचा आवाका, उपाय, कालावधी आणि आधीची व नंतरची स्थिती या दोनच वाक्यांत येते.

आकड्यांचे पथ्य

बाजारात नोकऱ्या कमी झाल्या की गळती आपोआप घटते. त्याचे श्रेय स्वतःकडे घेऊ नये. संघाचे यश असेल, तर त्यातील आपली भूमिका नेमकी नमूद करावी. वेतनाचे तपशील व कंपनीची गोपनीय माहिती बायोडेटात येता कामा नये. लैंगिक छळाच्या तक्रारी कमी झाल्या, हेही यश म्हणून मिरवू नये; तक्रार करण्याची भीती वाढल्याचे ते लक्षण असू शकते. शिवाय २०१३च्या कायद्याने अशा तक्रारींचा तपशील उघड करण्यास मनाई आहे.

मुलाखत घेणारी व्यक्ती बहुधा याच क्षेत्रातील असते. 'हा आकडा कसा काढला?' हा तिचा पहिला प्रश्न असू शकतो. ज्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येईल, तेवढाच आकडा कागदावर उतरवावा.