पंधरा फुटांवरचा एक गुण

फुटबॉलमध्ये पेनल्टी मारताना समोर गोलरक्षक असतो. क्रिकेटच्या फ्री हिटलाही गोलंदाज आपली अक्कल लढवतोच. बास्केटबॉलचा फ्री थ्रो मात्र सगळ्यांहून निराळा. इथे अडवणारा कोणीच नाही. पंच चेंडू हातात देतात, बाकीचे नऊ खेळाडू बाजूला थांबतात, आणि ठरलेल्या काही सेकंदांत चेंडू टाकायचा. बोर्डपासून १५ फुटांवर रेषा, १० फूट उंचीवर रिंग, रिंगचा व्यास १८ इंच, म्हणजे चेंडूच्या जवळजवळ दुप्पट. हे माप जगभर सारखेच. पडला तर एक गुण.

इतके सोपे असूनही अमेरिकेतल्या एनबीए या व्यावसायिक स्पर्धेत, जिथे खेळाडूंना कोट्यवधी डॉलर मिळतात, अनेक दशके शंभरातले सुमारे ७५ फ्री थ्रोच पडत आले. अलीकडच्या काही हंगामांत हा आकडा ७७-७८ पर्यंत सरकला आहे. धावणे, उड्या मारणे, उंची या सगळ्यांत खेळाडू बदलले. या रेषेवर मात्र फारसा फरक पडला नाही.

मग यातून संघाचा फायदा किती? साधा हिशेब करू. एका सामन्यात एका संघाला बावीसएक फ्री थ्रो मिळतात असे धरा. एक संघ शेकडा ८२ पाडतो, दुसरा ७३. फरक पडतो दोन गुणांचा. शंभरावर धावसंख्या जाणाऱ्या खेळात दोन गुण म्हणजे काय, असे कोणी म्हणेल. पण २०१९च्या ऑक्टोबरात एनबीएचे दोन संघ पहिल्यांदा आपल्या मुंबईत, वरळीला खेळले, तो सामना जादा वेळेत गेला आणि इंडियानाने सॅक्रामेंटोला १३२-१३१ असे हरवले. सामना हंगामापूर्वीचा होता हे खरे, पण एका गुणाची किंमत प्रेक्षकांना तिथे कळली असेल.

बास्केटबॉलच्या आकडेशास्त्रात डीन ऑलिव्हर हे मोठे नाव. सामना जिंकून देणाऱ्या चार गोष्टी त्यांनी मांडल्या : नेमबाजी, चेंडू न गमावणे, रिबाउंड आणि फ्री थ्रो. त्यात फ्री थ्रो शेवटचा, शेकडा १५ वजनाचा. पूर्ण सामन्याचा विचार केला तर मलाही ते पटते. पण शेवटच्या दोन मिनिटांत हा चौथा नंबर उठून पहिल्या बाकावर येऊन बसतो, असे माझे मत आहे.

त्याचे कारण नियमातच आहे. मागे पडलेल्या संघाचा खरा शत्रू असतो घड्याळ. ते थांबवायचा हुकमी उपाय म्हणजे मुद्दाम फाउल करणे. एका क्वार्टरमध्ये संघाचे पाच फाउल झाले की समोरच्याला दोन फ्री थ्रो मिळतात. म्हणजे पुढे असलेल्या संघाला प्रतिस्पर्धी जणू सांगतो, जिंकायचे तर रेषेवर उभे राहून जिंका.

१९९५च्या अंतिम फेरीचा पहिला सामना पाहा. ऑर्लँडो ह्यूस्टनच्या तीन गुण पुढे, उरलेत साडेदहा सेकंद. निक अँडरसनला दोन फ्री थ्रो मिळाले. दोन्ही चुकले. उडालेला चेंडू त्यानेच पकडला, पुन्हा फाउल झाला, पुन्हा दोन. तेही चुकले. चारांतला एक पडला असता तरी पुरले असते. ह्यूस्टनच्या केनी स्मिथने तीन गुणांची बास्केट करून बरोबरी साधली, जादा वेळेत ह्यूस्टन १२०-११८ असे जिंकले आणि पुढे मालिकाही ४-० अशी घेतली. अँडरसन त्या हंगामात शेकडा ७० फ्री थ्रो पाडत होता. दोन वर्षांनी तो ४० वर आला. हात तोच होता, रेषाही तीच.

आता उलट बाजू. समोर कच्चा नेमबाज असेल तर त्यालाच मुद्दाम फाउल का करू नये? ही युक्ती डॉन नेल्सन या प्रशिक्षकांनी डिसेंबर १९९७ मध्ये शिकागोच्या डेनिस रॉडमनवर वापरली. त्या कामासाठी सोडलेला बुब्बा वेल्स तीन मिनिटांत सहा फाउल करून बाहेर गेला, आणि रॉडमनने बारापैकी नऊ पाडले! पुढे हीच युक्ती शकील ओनीलच्या नावाने ओळखली गेली. साधारण एका चढाईतून संघाला १.१ च्या आसपास गुण मिळतात. शकील कारकिर्दीत शेकडा जेमतेम ५३ पाडायचा, म्हणजे दोन थ्रोंचे सरासरी १.०६ गुण. फाउल करणाऱ्याचा नफा तो इतकाच, चिल्लर. शिवाय आपले खेळाडू फाउलमध्ये अडकतात, आणि फ्री थ्रो पडला की समोरच्या संघाला बचाव नीट रचायला सवड मिळते. २०००च्या अंतिम फेरीत दुसऱ्या सामन्यात इंडियानाने शकीलला ३९ फ्री थ्रो दिले. त्याने १८ च पाडले, तरी सामना लेकर्सनी जिंकला.

खरे नुकसान वेगळेच असते. प्रशिक्षक घाबरून अशा खेळाडूला शेवटी बाकावर बसवतात. संघातला सर्वांत बलवान गडी सर्वांत महत्त्वाच्या मिनिटांत टॉवेल खांद्यावर टाकून बसलेला, हे गुणांच्या हिशेबात दिसत नाही. २०१६-१७ पासून प्रत्येक क्वार्टरच्या शेवटच्या दोन मिनिटांत चेंडूपासून दूर मुद्दाम केलेल्या फाउलला एक थ्रो आणि वर चेंडूही मिळू लागला, तेव्हा ही युक्ती बरीच महाग झाली.

याच्या अगदी विरुद्ध डर्क नोविट्झ्की. २०११च्या अंतिम फेरीत या सात फुटी जर्मन खेळाडूने ४६ पैकी ४५ पाडले. त्याला फाउल करणे म्हणजे दोन गुण हातात काढून देणे. मग बचाव करणारा अर्धा हात मागे घेतो, आणि तेवढ्यात साधी नेमबाजीही सोपी होते. डॅलस विजेते झाले.

उपाय नाही असे नाही. रिक बॅरी कमरेखालून, दोन्ही हातांनी चेंडू अलगद वर सोडायचा आणि एनबीएत शेकडा ९० पाडायचा. विल्ट चेंबरलेनने २ मार्च १९६२ रोजी एका सामन्यात १०० गुण केले, त्यात ३२ पैकी २८ फ्री थ्रो होते, तेही याच पद्धतीने. पुढे त्याने ती सोडून दिली. तसे टाकताना आपण बावळट दिसतो असे त्याला वाटे. संपूर्ण कारकिर्दीत तो शेकडा ५१ वर राहिला. चिनानू ओनुआकूने ह्यूस्टनकडून २०१६ मध्ये ही पद्धत पुन्हा वापरली, पण फारसे कोणी मागे गेले नाही. इतका पैसा, इतके प्रशिक्षक, आणि अडते कशावर, तर लोक हसतील यावर!

लोक काय करू शकतात ते २०२१ मध्ये दिसले. मिलवॉकीचा यानिस अँटेटोकूनम्पो रेषेवर आला की पाहुण्या मैदानांवरचे प्रेक्षक मोठ्याने एक, दोन, तीन मोजू लागत, कारण त्याला दहा सेकंद पुरत नसत. त्या प्लेऑफमध्ये त्याचे शेकडा ५९ च पडत होते. अंतिम फेरीच्या सहाव्या सामन्यात, घरच्या मैदानावर, त्याने १९ पैकी १७ पाडले आणि एकूण ५० गुण केले. मिलवॉकी १०५-९८ असे जिंकले आणि १९७१ नंतर पहिल्यांदा विजेते झाले. फरक सात गुणांचा होता.