मतांचा बाजारभाव

आपली राजकीय मते आपण विचारपूर्वक बनविली आहेत, असे प्रत्येक सुशिक्षिताला वाटते. दुसऱ्याची मते मात्र त्याला जात, घराणे किंवा स्वार्थ यांतून आलेली दिसतात. ही आत्मवंचना ओळखायची असेल, तर राज्यशास्त्राच्या ग्रंथांपेक्षा शेअरबाजाराकडे पाहणे अधिक उपयोगाचे.

१९९९-२००० मधील तंत्रज्ञान कंपन्यांची तेजी आठवावी. इंटरनेट जग बदलणार, हे भाकीत खोटे नव्हते. परंतु जग बदलणार म्हणून अमुक कंपनीला नफा होणारच, ही पुढची उडी फारच थोड्यांनी तपासली. नावाला ‘डॉट कॉम’ जोडताच भाव चढू लागले. १० मार्च २००० रोजी अमेरिकेतील नॅसडॅक निर्देशांक ५०४८ वर बंद झाला. ऑक्टोबर २००२ मध्ये तो १११४ वर आला. मुंबईच्या बाजारातही हीच लाट उसळली आणि ओसरली. जुलै २००१ मध्ये युनिट ट्रस्टने ‘यूएस-६४’ योजनेतील युनिटांची खरेदी-विक्री थांबविली, तेव्हा शेअरबाजाराची पायरीही न चढलेल्या अनेकांची झोप उडाली. त्यांची पुंजी त्यांच्या नकळत याच बाजारात उतरली होती.

मग सारेच मूर्ख होते काय? तसे नाही. अर्थशास्त्रज्ञ केन्स यांनी १९३६ मध्येच बाजाराची तुलना वर्तमानपत्रातील एका सौंदर्यस्पर्धेशी केली होती. शंभर छायाचित्रांतून सहा सुंदर चेहरे निवडायचे. पण बक्षीस त्याला, ज्याची निवड बहुतेकांच्या पसंतीशी जुळेल. साहजिकच स्पर्धक स्वतःची आवड बाजूला ठेवतो आणि इतरांच्या आवडीचा अंदाज घेतो.

निवडणुकीच्या काळात ‘हवा कोणाची?’ असे विचारून ‘मत वाया जाऊ नये’ म्हणणारा मतदार याहून निराळे काय करतो? १९५० च्या दशकात अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ सॉलोमन ॲश यांनी रेषांची लांबी ओळखण्याचे साधे प्रयोग केले. भोवतालच्या साऱ्यांनी ठरवून चुकीचे उत्तर दिले की सुमारे एक तृतीयांश वेळा माणसे समोर दिसत असलेले सत्य सोडून त्या चुकीला होकार देत.

येथे एक महत्त्वाचा भेद आहे. बाजारात चुकीच्या मताचा हिशेब कधीतरी होतो आणि तो बहुधा ते बाळगणाऱ्याच्या खिशातून वसूल होतो. राजकारणात चुकीच्या मताची किंमत दुसराच कोणी मोजतो, आणि आपण मात्र ‘मी तेव्हाच म्हणालो होतो’ असे सांगायला मोकळे! म्हणून नागरिकाने आपली खतावणी आपणच ठेवली पाहिजे. आपल्या पक्षाकडून काय अपेक्षा केली आणि पाच वर्षांत काय घडले, हे वहीत लिहून ताडून पाहावे.

ॲश यांना आणखी एक गोष्ट आढळली. गटात खरे बोलणारा एक जरी सोबती असला, तरी दडपण झपाट्याने ओसरते. शिक्षकांच्या खोलीत वा कचेरीत ‘मला तसे दिसत नाही’ एवढेच शांतपणे म्हणणारा माणूस लोकशाहीची मोठी सेवा करतो. तो वाद जिंकेल असे नाही. पण शेजाऱ्याला स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास ठेवण्याचे बळ तरी देतो.