दप्तर आणि त्याची किल्ली
‘क्लाऊड’ म्हणजे आभाळ नव्हे. दूरच्या संगणकांवरचा सामाईक दप्तरखाना होय. ६ मार्च २०२२ रोजी धावू लागलेल्या पुणे मेट्रोच्या बांधकामात महामेट्रोने नकाशे, वेळापत्रक व खर्च यांची अशीच संगणकीय सांगड घातली.

लाभ उघड आहे. नकाशा बदलताच जुनी प्रत बाद ठरते. कोणी, केव्हा बदलला याची नोंद राहते. मुकादमाच्या हाती जुनी प्रत राहिली, तर बांधलेले फोडावे लागते आणि घाम मजुराचाच वाया जातो.

पण किल्ली कोणापाशी? माहिती अधिकार कायदा, २००५ चे कलम ४ नोंदी संगणकावर आणून जाळ्याने जोडण्यास सांगते. आमचे मागणे एवढेच : मापवही नागरिकाला आणि स्वतःची हजेरी मजुराला पाहता यावी.