ऑटक्राफ्ट : स्वमग्न खेळाडूंचा हक्काचा सर्व्हर

ऑटक्राफ्ट हा माइनक्राफ्ट या ठोकळे रचण्याच्या ऑनलाइन खेळाचा सर्व्हर कॅनडातल्या स्टुअर्ट डंकन यांनी २०१३ मध्ये सुरू केला, तो स्वमग्न मुले आणि त्यांच्या घरच्यांसाठी. डंकन स्वतः स्वमग्न आणि स्वमग्न मुलाचे वडील. खुल्या सर्व्हरवर अशा मुलांना चिडवले जाई, त्यांनी ठोकळा-ठोकळा रचून उभे केलेले घर कुणीतरी येऊन पाडून टाके. म्हणून इथे अर्ज मंजूर झाल्याशिवाय प्रवेश नाही. गोंगाट असह्य झाला, तर खेळातच शांत खोल्या आहेत.

खेळच का? नियम ठरलेले, बोलणे टाइप करून, डोळ्याला डोळा भिडवायची सक्ती नाही. उत्तर द्यायला दोन मिनिटे लागली तरी कुणी खोळंबत नाही. गप्पांच्या कट्ट्यावर ही सवलत क्वचितच मिळते!

हीच सोय आपल्याकडे कशी करता येईल? जालना जिल्ह्याचे उदाहरण घ्या. तिथे आठ तालुके. मंठा किंवा भोकरदनहून थेरपीसाठी वरचेवर शहर गाठणे सोपे नाही. मोबाइल मात्र घरात असतो. मराठीतून चालणारा, जिंकण्या-हरण्यापेक्षा सोबतीवर भर देणारा छोटा ऑनलाइन खेळगट इथे जास्त उपयोगी. तो थेरपीची जागा घेत नाही, हेही खरे.

अशा गटात प्रवेशासाठी दिव्यांगत्वाचा दाखला मात्र मागू नये. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत स्वमग्नता आणि अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचा (अवधान-अभाव व अतिचंचलता) स्वतंत्र उल्लेखच नाही; दाखला मागितला, तर अशी मुले बाहेरच राहतील.