उडत्या तबकड्या आणि शास्त्राची कसोटी

२ एप्रिल २०२२ या गुढीपाडव्याच्या रात्री महाराष्ट्र, मध्य प्रदेश व आपल्या गुजरातेतील अनेकांनी आकाशातून सरकत जाणारी तेजस्वी प्रकाशरेषा पाहिली. उल्का म्हणावी तर गती मंद, विमान म्हणावे तर तेज विलक्षण! परंतु त्याच रात्री चंद्रपूर जिल्ह्यातील लाडबोरी गावी सुमारे तीन मीटर व्यासाचे धातूचे कडे पडले आणि गूढ उकलू लागले. पृथ्वीच्या वातावरणात परतून जळणाऱ्या चिनी अग्निबाणाचे ते अवशेष असावेत, असे तज्ज्ञांचे मत पडले. ते कडे हाती आले नसते, तर 'उडत्या तबकडी'ची आणखी एक कथा खासच जन्मास आली असती.

या तबकडीचे नावही गैरसमजातूनच रूढ झाले. २४ जून १९४७ रोजी केनेथ अर्नोल्ड या अमेरिकन वैमानिकाने नऊ चकाकत्या वस्तू उडताना पाहिल्या. पाण्यावर भिरकावलेली बशी जशी टप्पे घेत जाते, तशी त्यांची गती होती, असे त्याने सांगितले. वृत्तपत्रांनी गतीची ही उपमा आकारास चिकटविली, आणि पुढे लोकांना तबकड्याच दिसू लागल्या! अमेरिकेच्या वायुदलाने १९६९ पर्यंत अशा १२,६१८ वृत्तांतांची नोंद केली. बहुतेकांचे मूळ ग्रह, तारे, बलून वा विमाने यांत सापडले. ७०१ वृत्तांत तेवढे उलगडले नाहीत.

या विषयाची पत ढासळली ती येथेच. 'उलगडले नाही' याचा अर्थ पुष्कळांनी 'परग्रहावरून आले' असा केला. घरातील किल्ली सापडली नाही, एवढ्यावरून ती भुताने नेली असे आपण ठरवितो काय?

खरा शोधक कसा बोलतो, याचे उदाहरण आपल्याच देशात आहे. २००५ साली हैदराबादहून सोडलेल्या बलूनने २० ते ४१ किलोमीटर उंचीवरील हवेचे नमुने आणले. त्यांत जीवाणूंच्या तीन नव्या जाती आढळल्या. या प्रयोगाचे एक प्रमुख शास्त्रज्ञ होते डॉ. जयंत नारळीकर. तथापि हे जीवाणू पृथ्वीबाहेरचेच आहेत, असे यावरून निश्चितपणे सिद्ध होत नाही, हे प्रयोगकर्त्यांनी स्वतःच स्पष्ट केले.

मग या संशोधनाला भवितव्य आहे काय? 'नासा'च्या अभ्यासमंडळाने २०२३ मध्ये सांगितले, की अशा वस्तू परग्रहावरील असल्याचा पुरावा नाही. पण विश्वसनीय नोंदीही फार थोड्या आहेत, आणि उपहासाच्या भीतीने पाहणारे गप्प राहतात. म्हणजे अंधविश्वासाप्रमाणेच थट्टाही ज्ञानाची वाट अडविते.

तेव्हा विद्यार्थी मित्रहो, तापीच्या काठावरून एखादा अनोळखी प्रकाश दिसलाच, तर घाबरू नका आणि हसूही नका. वेळ, दिशा, क्षितिजापासूनची उंची व तो किती काळ दिसला, हे तत्काळ टिपून ठेवा. अशा चार नेमक्या ओळींचे मोल शंभर अद्भुत कथांहून अधिक आहे.