रिफॉर्मरची पहिली पाळी

पहाटे ५.३० : कळंबोलीहून कंपनीची बस निघते. तळोजा एमआयडीसीच्या रस्त्यावर टँकरांची रांग आधीच लागलेली.

६.०० : कंट्रोल रूममध्ये चार्ज घेतो. रात्रपाळीवाला सांगतो, "गॅस बदललाय, स्टीम थोडी वाढवून ठेवलीय." मुंबई हायचा गॅस १९७८ पासून उरणला उतरतो, आता जोडीला जहाजाने आलेला एलएनजीही असतो. गॅसमध्ये इथेनसारखे जड घटक वाढले आणि वाफ कमी पडली, तर कॅटॅलिस्टवर कार्बन धरतो. म्हणून नुसता आकडा घेऊन भागत नाही, कारणही विचारून घ्यावं लागतं.

७.०० : रिफॉर्मरचा राऊंड, सोबत शिकाऊ मुलगा. पीपहोलचं झाकण सरकवलं की तोंडावर झळ येते. निळ्या काचेतून आधी नुसता उजेड. डोळा सरावला की उभ्या ट्यूब वेगळ्या दिसू लागतात. दहा-बारा मीटर उंच, आत निकेलच्या कॅटॅलिस्टची भोकांची कडी खच्चून भरलेली. त्यांतून जाताना ८०० अंशांच्या आसपास मिथेन आणि वाफेचे हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड होतात. ही क्रिया उष्णता ओढून घेते, त्यामुळे ट्यूब आवाक्यात राहते. कॅटॅलिस्ट जिथे थकला, तिथे ती जास्त तापते.

"सर, ती चौथी जरा पांढरट वाटते."

बरोबर. मधोमध वीतभर पट्टा, बाकीच्या नारिंगीपेक्षा उजळ. पायरोमीटर लावला, समोरचा बर्नर थोडा कमी केला. स्क्रीनवर गॅसचं एकत्र तापमान येतं, त्यात असा पट्टा बुडून जातो. नव्या मुलांना म्हणूनच मी आधी इथे आणतो, स्क्रीनपुढे नंतर बसवतो.

९.३० : कॅन्टीनचे पोहे आणि लॅबचा रिपोर्ट. गंधक नगण्य. झिंक ऑक्साइडचा थर ते आधीच पकडतो. निसटलं तर निकेल मरतं.

११.०० : सिंथेसिस लूप. हवेतला नायट्रोजन आणि आपला हायड्रोजन लोखंडाच्या कॅटॅलिस्टवर अमोनिया होतात. एका फेरीत फार तर पाचवा हिस्सा. उरलेला गॅस पुन्हा फिरवायचा. जर्मनीत ओप्पाऊला १९१३ मध्ये हेच सुरू झालं, आणि इथे तळोज्यात २०२३ मध्ये सुरू झालेला दीपक समूहाचा वर्षाला सुमारे ५ लाख टनांचा प्रकल्पही त्याच वाटेचा.

१.०० : अमोनिया उणे ३३ अंशांवर टाकीत. पुढे त्याचं खत, नायट्रिक आम्ल. गॅसमधला कार्बन मात्र कार्बन डायऑक्साइड होऊन निघतो; गिऱ्हाईक नसेल तेवढा हवेत जातो. हे मला खुपतं. इंधन आणि वाफ वाया न घालवणं पाळीच्या हातात आहे, ते आम्ही जिवापाड सांभाळतो.

२.०० : चार्ज देतो. "चौथ्या ट्यूबसमोरचा बर्नर कमी केलाय. चारच्या राऊंडला पुन्हा बघा."